धुरीघराची माती

दुसऱ्या हिवाळ्यात मीठ संपलं.
त्याआधी कॉफी संपली, तिचं काही नाही,
करपवलेल्या रताळ्याच्या काळ्या पाण्याला आम्ही कॉफी म्हणू लागलो.
मग सुया. मग कागद;
व्हर्जिनियातून ॲसाची पत्रं यायची ती माझ्याच पत्रांवर,
माझ्या आडव्या ओळींवर त्याच्या उभ्या ओळी.
पण मिठाला दुसरं नाव देता येईना.

गावात मीठ होतं. सरकारी पिंपं, कुलपात.
नॉर्थ कॅरोलायना राज्य आपल्या लेकरांना विसरलेलं नाही,
असं स्क्वायर पेंडलँडने वाचून दाखवलं
आणि यादीतून आमचं नाव खोडलं.
थोरला याच राज्यासाठी थंडीत कुडकुडतोय, मी म्हटलं.
धाकटा कुठे आहे, त्याने विचारलं.

धाकटा लेम्युएल लॉरेलच्या जाळीत होता.
त्याला ना यांचा झेंडा हवा होता ना त्यांचा.
त्याला एक खेचर हवं होतं.

तेव्हा सासूने धुरीघराच्या फळ्या उचकटल्या
आणि कुदळ माझ्या हाती दिली.
चाळीस वर्षं या आढ्याला डुकराच्या तंगड्या टांगल्यात,
थेंब थेंब गळलेलं सगळं इथेच आहे.
खण, केझाया.

खणलं. माती पिंपात भरली, वरून पाणी सोडलं,
खालचं पाणी कढईत आटवलं.
आटता आटता रात्र आटली.
तळाशी राहिलं ते राखाडी, करकरीत,
मूठभर,
आणि एक वाकडा खिळा.

पेंडलँडची जूनो त्याच आठवड्यात आली, अंधार पडल्यावर.
काही बोलली नाही.
झग्याची दुमड उसवली आणि पांढरं मीठ
माझ्या टेबलावर सांडलं, दोन चिमटी असेल.
तिच्या मुलाला तिच्या मालकाने खाणीवर भाड्याने दिला होता,
मिठाच्याच.
का दिलंस, हे मी विचारलं नाही.
विचारायला हवं होतं.

होमगार्ड आले ते बर्फावरून, सकाळी.
पुढे माझा भाऊ रूफस,
ज्याने माझ्या लग्नात फिडल वाजवली होती, थोडी बेसूर.
लेम रात्री जेवायला घरी आला होता. एवढाच त्याचा गुन्हा,
की त्याला गरम काहीतरी हवं होतं.
कुंपणापाशी दोन आवाज झाले.
रूफस घोड्यावरून उतरला नाही.
त्याच्या मागचा पोरगा, सोळाचा असेल नसेल,
उतरला आणि ओकला.

बाहेरची जमीन लोखंड झाली होती.
कुदळ उडून परत यायची.
खणलेली जागा एकच होती आमच्याकडे.
सासूने त्याचे बूट काढून घेतले,
ॲसाला होतील म्हणाली.

मार्चमध्ये जूनो धार ओलांडून टेनेसीकडे गेली.
पुन्हा तेच घोडे, तोच रूफस.
इकडून कोणी गेलं का?
ज्याचं मीठ खावं त्याला जागावं, एवढं आम्हाला शिकवलेलं.
पण कोणाचं खाल्लं होतं मी?
राज्याचं तर नाहीच.
मी म्हटलं, नाही पाहिलं.
दोन चिमट्यांची फेड दोन शब्दांत.
त्याहून जास्त धाडस माझ्याच्याने झालं नाही,
हे मी कोणाला शौर्य म्हणून सांगत नाही.

ॲसा परतला तेव्हा डॉगवुड फुललं होतं.
डाव्या हाताला तीन बोटं.
छावणीतलं डुकराचं मांस इतकं खारट असायचं, म्हणाला,
की आम्ही ते रात्रभर ओढ्यात बांधून ठेवायचो.
सासू उठून बाहेर गेली.

बूट त्याला झाले नाहीत.
कोणाचे, हे त्याने विचारलं नाही,
म्हणजे वाटेत कोणीतरी सांगितलं असणार.
अळणी घेवडा तो मुकाट खाऊन उठला.
त्या हिवाळ्यात डुक्कर कापलं
आणि तंगड्या स्वयंपाकघरात टांगल्या, चुलीवर,
डोक्याला लागतील अशा.
अजून लागतात.
आम्ही वाकून जातो.