नात्याचा रकाना

एकेचाळीस लाख, साठ हजार
आणि वर दोनशे बारा रुपये.
वकील बोलताना दोनशे बारा गाळतात.
मी गाळत नाही.

राखेची पाइपलाइन टाकली होती, पावणेतीन किलोमीटर.
लवाद म्हणाला, निनाव्यांचं बरोबर.
कंपनी म्हणाली, आम्ही वर जातो.
न्यायमूर्ती म्हणाले, जा, पण पैसे इथे ठेवून जा.
तेव्हापासून माझे पैसे सिव्हिल लाइन्समध्ये राहतात,
मोठ्या झाडांच्या सावलीत,
आणि मी हिंगण्याला, पत्र्याखाली.
मे महिन्यात हा फरक जास्त कळतो.

मग आदेश आला, दीड पानाचा:
काढा रक्कम.
राष्ट्रीयीकृत बँकेची हमी द्या, आणि काढा.
उद्या हरलात तर परत कोण करणार,
एवढंच कोर्टाला कागदावर हवं आहे.

किंग्जवेच्या शाखेत ढबाले मॅडम भल्या बाई.
चहा मागवला, फाइल शेवटपर्यंत वाचली.
म्हणाल्या, हमी देऊ की.
तेवढ्याच रकमेची ठेव आमच्याकडे ठेवा.
मी म्हटलं, तेवढी रक्कम असती
तर ही रक्कम कशाला मागितली असती?
त्या हसल्या नाहीत. स्क्रीन माझ्याकडे वळवली.
कोर्टाने गुंतवलेली मुदत ठेव
त्यांच्याच शाखेत होती.
तीन हातांवर, काचेपलीकडे,
माझे पैसे व्याज खात बसले होते.
पैसे आहेत इथेच, त्या म्हणाल्या,
पण अजून तुमचे नाहीत.
पाव हिस्सा रोख भरा, बाकीला एखादी जागा तारण द्या.

शेड आधीच गहाण.
पाव हिस्सा बायकोच्या पाटल्यांतून आणि साळ्याच्या तोंडातून निघाला.
जागा कुठून काढू?

कवडू मेश्राम माझ्याकडे एकवीस वर्षं वेल्डिंग करत होता.
त्याच पाइपलाइनचे सगळे जोड त्याचे,
त्यातला एकही गळला नाही,
हे लवादाने परिच्छेद बत्तीसमध्ये नोंदवलं आहे.
त्याचे त्रेसष्ट हजार माझ्याकडे अडकलेले.
ते मागायला आला होता.
सगळं ऐकून घेतलं, तंबाखू मळली,
दुसऱ्या दिवशी प्लास्टिकच्या पिशवीतून
वाठोड्याच्या प्लॉटचे कागद घेऊन आला.
"चौऱ्याण्णवला घेतला होता. तवा कुत्रं फिरत नव्हतं तिकडं.
आता म्हणे लय भाव हाय."
मी काही बोलायच्या आत म्हणाला,
"एक अट हाय. तारखेले मले न्या.
जज कसा दिसते ते पायचं हाय."

बँकेच्या मसुद्यात लिहिलं होतं:
बिनशर्त, अपरिवर्तनीय,
मागणी होताच, कुठलीही तक्रार न करता.
मॅडमनी फॉर्म भरायला घेतला.
जामीनदाराचं नाव. वय. पत्ता.
अर्जदाराशी नातं?
त्या रकान्यात जेमतेम दोन शब्द मावतात.
"घेणेकरी," कवडू म्हणाला.
मॅडमनी पेन उचललं. "म्हणजे तुम्ही देणं लागता यांचं?"
"नाई. यायच्याकडून मले घेणं हाय."
त्यांनी ते तसंच लिहिलं.

पैसे एका गुरुवारी आले.
पहिले त्रेसष्ट हजार त्याचे.
थुंकी लावून दोनदा मोजले त्याने,
मी समोर असताना. मला बरं वाटलं.

तारखेला नेलं. आमचा नंबर सत्तेचाळीस.
एकोणीसवर कोर्ट उठलं.
न्यायमूर्तींची पाठ दिसली, दार बंद होताना.
बाहेर तर्री-पोहे खाल्ले, पैसे त्याने दिले,
म्हणाला, "अट बाकी हाय बरं का."

हमीची मुदत वर्षाची, खटल्याला मुदत नाही.
दर फेब्रुवारीत जाऊन वाढवून आणायची,
कमिशन भरायचं, सह्या करायच्या.
यंदा खुर्चीत नवा मुलगा होता, ढबाले मॅडमची बदली झाली.
कवडूच्या एका डोळ्यावर ऑपरेशनचा हिरवा चष्मा.
मुलगा जुना फॉर्म बघून नवा भरत होता.
नात्याच्या रकान्याशी थांबला.
"हे काय लिहिलंय? अजून बाकी आहे का काही?"
मी सांगणार होतो, फिटलं ते केव्हाच,
पावती आहे माझ्याकडे.
कवडूने चष्मा जरा वर केला,
कागद नाकाशी नेला, वाचला,
आणि म्हणाला,
"तेच राहू द्या."