असावा

बसथांब्यामागे, बाटल्यांच्या हिरव्या पेटीला खेटून
तो उभा आहे. कमरेइतका,
किंचित चर्चकडे कललेला.
कुशीवर पांढऱ्या रंगाचा ओरखडा,
तो झेफेरिनोच्या पावाच्या गाडीचा.
त्याचं साल सगळ्यांना पाठ आहे.
बाकी कशाचंच नाही.

अदेलिनो म्हणतो, माझ्या बापाने आणला,
दोन खेचरं जुंपून, खाणीवरून,
गाड्या बेकरीचा कोपरा खरवडायच्या म्हणून.
कुठल्या साली?
ज्या साली ऑलिव्ह धरले नाहीत.
एर्मेलिंदा म्हणते, तुझा बाप
बसल्या जागची खुर्ची उचलत नसे.

मग एव्होराहून एक मुलगी आली.
गळ्यात मोजायची फीत, गुडघ्यांना माती.
रात्री टॉर्च आडवा धरून
तिने माथ्यावरच्या वाट्या मोजल्या.
अकरा.
हे कोणीतरी कोरलंय, ती म्हणाली,
आणि आवाज आपोआप खाली आला तिचा,
जसा झोपलेल्या मुलापाशी येतो.

त्यातल्या दोन माझ्या, एर्मेलिंदा म्हणाली.
मी आणि लुझिया
बदाम फोडायचो इथे, दुपारभर.
कुठल्या दोन?
एर्मेलिंदाने चष्मा पुसला.
बराच वेळ पुसला.

खाली किती खोल गेलाय ते बघितलं असतं,
पण खणायचं तर नळ तोडावा लागतो,
नळ तोडायचा तर अर्ज द्यावा लागतो,
आणि अर्जात एक रकाना असतो: कारण.

मुलीने वहीत लिहिलं, प्रागैतिहासिक असावा.
बेकरीवाली म्हणाली, पलीकडच्या गावात तीन आहेत,
आपल्याकडे निदान एक
असावा.
तशी पाटी लागली.
सकाळच्या बसची माणसं
पाटीकडे पाठ करून त्याला टेकतात.
उन्हं गेल्यावरही तो तासभर कोमट असतो,
हे मात्र गावातल्या कुत्र्यांना
कोणी सांगावं लागलं नाही.

लुझिया फ्रान्सला गेली, तिथल्याच मातीत राहिली.
एर्मेलिंदा संध्याकाळी एकच बाटली टाकायला येते,
पेटीत ती फुटल्याचा आवाज ऐकते,
मग एप्रनच्या खिशातून
सालासकट एक बदाम काढते
आणि पहिल्या वाटीत ठेवून बघते.
मग दुसऱ्या.
मग तिसऱ्या.

अकराही वाट्यांत
तो नीट बसतो.