निधान

निपाणीतल्या वखारीचा माळा
मधोमध चार बोटं झुकलेला.
तंबाखूची बोदं कधीच गेली,
तुळईनं वजन लक्षात ठेवलं.

ईराप्पा बडिगेर पटाशी टोचतो:
भुसा. भुसा. इथं सागवान.

खाली ट्रकचा जॅक, दिवसाला अर्धा आटा.
मी म्हटलं, उरकून टाका.
तो म्हणाला, "निधान."
कानडीत म्हणजे सावकाश.
मी सावंतवाडीची;
दोन दिवस तुळईत काय पुरलंय
ते शोधत होते.

नवव्या दिवशी दोन्ही अंगांना नव्या फळ्या,
आरपार बोल्ट.
टेकू काढले. कुईं झालं, थांबलं.

संध्याकाळी वर ताराक्कांच्या हातून रीळ सुटलं,
शिलाई मशीनच्या पायाशीच पडून राहिलं.
त्या सवयीनं
मधोमध जाऊन
शोधत बसल्या.