उलटा अर्धा फेरा

तार्तूच्या बाजारामागे, तळघरात, लेम्बेबाईंचं दुकान.
बाहेर उणे अठरा. आत जुन्या हीटरचा वास
आणि भिंतभर इवले खण :
तीनचे आठ, तीनचे दहा, तीनचे बारा,
गोल डोक्याचे, चपट्या डोक्याचे,
आणि डोकंच नसलेले,
जे एकदा आत गेले की बाहेरून दिसतही नाहीत.

काउंटरवर मुठीतला ऐवज ओतला :
सात स्क्रू, सातांचीही तोंडं गोल.
बाईंनी कपाळावरचा चष्मा खाली घेतला,
नखाने एकाची खोबण चाचपली.
"कोणाची गाडी?"
मुलाची, म्हणालो.
मग, का कुणास ठाऊक, "मारेतच्या मुलाची."

त्यांनी ते ऐकलं न ऐकल्यासारखं केलं.
"स्क्रू बरे आहेत. पान्हा कुठला वापरता?"

पान्हे ओहायोचे.
राइव्होने धाडलेले, त्याच्या बापाने, दहाव्या वाढदिवसाला.
लाल दांड्यांचे पाच, मखमलीत निजवलेले,
प्रत्येकावर कोरलेलं नाव : उकू.
पोरगा ती पेटी उशाशी घेऊन झोपतो.
आणि ते इंचातले आहेत.

पाच चौसष्टांश इंच.
म्हणजे एक पूर्णांक अठ्ठ्याण्णव मिलिमीटर.
आमच्या गाडीला लागतो दोनचा.
फरक केसाच्या चतकोराएवढा.
आत जातो, बसल्यासारखा वाटतो,
दहा-बारा वेळा इमानाने फिरवतोसुद्धा,
मग एका संध्याकाळी सटकतो
आणि सहाच्या सहा कोपरे गुळगुळीत.
"जे बसतच नाही ते काही बिघडवत नाही,"
लेम्बेबाई म्हणाल्या,
"बिघडवतं ते जवळजवळ बसणारं."

मी खणांकडे बघत राहिलो.
त्या घरात येऊन मला चौथा हिवाळा.

त्यांनी तीन ढीग मांडले.
स्टेनलेस : चकचकीत, पण आतून मऊ.
टायटॅनियम : हातात घेतलं तर फुंकरीएवढं,
किंमत ऐकली की जड.
आणि काळं पोलाद, तेल विसरलात तर गंजेल,
पण तोंड फिरवणार नाही.
मी काळं घेतलं, चाळीस नग,
आणि दोनचा एक पान्हा, राखाडी दांड्याचा,
ज्यावर कोणाचंच नाव नाही.

घरी काही बोललो नाही.
त्याच्या बापाचा पान्हा चुकीचा आहे,
हे वाक्य मला कुठल्याही मापात नीट बसवता येईना.
राखाडी पान्हा टेबलावर ठेवला, मिठाच्या बरणीशेजारी,
आणि बटाटे सोलायला लागलो.

उकूने उचलला. लावून पाहिला.
जरासुद्धा हलत नव्हता. त्याने माझ्याकडे पाहिलं नाही.
प्लास्टिकच्या पायात स्क्रू घालून तो सरळ पिळू लागला,
तेव्हा मात्र राहवलं नाही :
थांब. आधी उलटा फिरव, अर्धा फेरा,
हळू, जोर न लावता.
जुना आटा सापडला की टक् करून तो खाली उतरतो.
मग आवळ.
नाहीतर जुन्यावर आडवा नवा आटा पडतो
आणि दोन्ही जातात.

त्याने कान जवळ नेला.
टक्.
"ऐकलं," म्हणाला. दुसरा घेतला. पुन्हा कान.
मोटरचे दोन मात्र मी लावले.

रविवारी जुन्या ताग-गिरणीच्या हॉलमध्ये, गालिच्याच्या ट्रॅकवर,
तिसऱ्या फेरीत आमची गाडी किंचाळली आणि बसली.
मोटर सुटली होती.
धातूत धातू, तिथे निळा गोंद लागतो, एक थेंब,
आणि मी तो विसरलो होतो.
"आर्व्हो!" सगळ्या हॉलसमोर ओरडला पोरगा,
"हा तू लावलेलास ना? हा तूच लावलेलास!"
कान लाल, डोळ्यांत पाणी, अगदी माझ्या छातीशी येऊन.
चार वर्षांत तो माझ्यावर इतक्या हक्काने
कधी चिडला नव्हता.

सूत जुळलं म्हणण्याची घाई मी करणार नाही.
परतताना गाडीत, काचा धुरकटलेल्या,
तो मागच्या सीटवरून म्हणाला,
"ते लाल इंचातले आहेत. मला माहीत होतं."
मग बराच वेळ काही नाही.
नदीवरचा पूल आला, गेला.
"आज गोंद मी लावणार," म्हणाला,
"तू फक्त धर."