एकशे पन्नास अंश

पर्वरीच्या तपासणी केंद्रात पंखा खडखडतोय.
बाविसावी उत्तरपत्रिका. प्रश्न चौथा, उपप्रश्न ब:
साइन थीटा बरोबर एक छेद दोन.
शून्य ते तीनशे साठ अंशांत सगळ्या उकली काढा.

पोराने लिहिलंय: तीस.
खाली पट्टीने दोन रेघा,
भोवती चौकट, चारी कोपरे काटकोनात.
किती खात्री आहे त्याला.

लाल पेन उचललं,
आणि चोडणची मानस समोर आली.
खाजनाच्या बांधातली ती दोन लाकडी दारं,
नदी चढली की आपोआप मिटणारी,
उतरली की आतल्या पाण्याच्या रेट्याने उघडणारी.
बाजूला रोवलेला खांब,
त्यावर कोयत्याने पाडलेल्या खुणा,
आणि खुणांवर कालवं.

एर्मेलिंडा टीचर हातानेच वर्तुळ काढायच्या, कंपास न घेता,
आणि ते जुळायचं.
मग त्यावर एक ठिपका फिरवायच्या.
वर जातो, खाली येतो, बघा,
साइन म्हणजे फक्त उंची, बाकी काही नाही.
त्यांनीच माझा अर्धा गुण कापला.
समासात तीन शब्द:
दुसरं कुठे आहे?

फेरीबोटीतून घरी येईपर्यंत मी त्या अर्ध्या गुणासाठी रडले.
रात्री बाबांनी पेपर हातात घेतला,
जाळ्याचा वास लागला त्याला.
पुरसो मानशीकार. मराठी शाळा, चौथीपर्यंत.
पण पाऊणकी तोंडपाठ:
तिथीची पाऊणपट केली की भरतीची वेळ,
पंचांग आणि बोटं, एवढंच लागायचं.
मी सांगितलं, थीटा म्हणजे समजा वेळ,
साइन म्हणजे खांबावरचं पाणी,
मधल्या खुणेपासून मोजलेलं.
त्यांनी माझं तीस पाहिलं, दिवा जवळ ओढला, म्हणाले,
"उदक खंय पावलां तें सांगलें तुवें.
येता काय वता, तें खंय सांगलें?"

येतंय की जातंय.
माझ्या वहीत ते नव्हतं.
त्याच खुणेला पाणी दोनदा लागतं,
एकदा दारं मिटलेली असतात,
एकदा उघडी, आणि तोंडाशी जाळं ताणलेलं,
आणि घरातलं मीठ-तेल त्या दुसऱ्या वेळेवर चालतं.
तीस अंशाला कोणी मासे धरत नाही.

मग झोप येईना.
कोसाइन काढलं: तीसला अधिक, एकशे पन्नासला वजा.
आकडा तोच, चिन्ह तेवढं उलटं.
म्हणजे बाबांचा प्रश्न त्या चिन्हात होता,
आणि मी तो पाठ करून विसरले होते.
तेव्हाच ती नित्यसमानताही कळली,
जी आम्ही कवायतीसारखी म्हणायचो:
साइन वर्ग अधिक कोसाइन वर्ग बरोबर एक.
पाणी काठोकाठ असतं तेव्हा थांबलेलं असतं.
मधल्या खुणेवर सर्वांत जोरात धावतं.
उंचीत नसलेलं धावण्यात असतं,
हिशोब कुठेच चुकत नाही,
फक्त वर्ग केला की चिन्ह पुसलं जातं
आणि येणं-जाणं एकच दिसू लागतं.

हे मी टीचरना कधी सांगितलं नाही.
बाबांनाही नाही. त्यांना ते माहीतच होतं,
आणि मला वाटायचं, शिकवायचं मी त्यांना आहे.

मानस आता दुसऱ्याने पावणीत घेतली आहे.
खांब बदलला म्हणतात, सिमेंटचा केला.

बाविसावी उत्तरपत्रिका.
समासात शेरे लिहायला मंडळाची मनाई आहे.
नियमाप्रमाणे अर्धा गुण.
चौकटीच्या बाहेर, एकशे पन्नास जिथे असायला हवा होता तिथे,
पेनचं टोक क्षणभर टेकलं,
एक लाल ठिपका उमटला.
तो मी तसाच राहू दिला.

भिंतीवर कॅलेंडर. आज सप्तमी.
साताची पाऊणकी, सव्वापाच.
घड्याळात चारला दहा कमी.
येतंय अजून.