जळण्यातला ज

चौदा वर्षं मी हंगामी होते.
माझा आवाज मात्र एका सहीत कायम झाला.

मोंढ्यामागचा गाळा, भिंतींना गाद्या ठोकलेल्या,
पंखा बंद, पात्यांचा आवाज येतो म्हणून.
तीन दिवस वाचत होते मी.
वाक्यांना अर्थ नको होता, अक्षरं सगळी हवी होती:
उसात अठ्ठावीस घारी, छत्रीखाली ढोल.
हसू आलं तर म्हणाले, हसूही द्या,
वेगळं रेकॉर्ड करू.
एकवीस हजार. चेक वटायला अकरा दिवस.

आमच्या जालन्यात बियाण्यांच्या कंपन्या आहेत,
मला कळायला हवं होतं.
वाण एकदा त्यांच्या पिशवीत गेलं
की वर त्यांचं नाव छापून येतं
आणि पुढच्या मृगाला तुम्हीच रांगेत.

आता ती वाचते.
कुणाचाच नसलेला चेहरा, मोरपंखी साडी,
रोज तीच, न चुरगळलेली.
सकाळी मोसंबीचा भाव, दुपारी सळईचा,
रात्री शेठजींना वाढदिवसाच्या शुभेच्छा.
खोकत नाही. पाणी मागत नाही.
दिवाळीला उचल मागत नाही.
संपादक सोळंके म्हणाले, "मॅडम, मान तर तुमचाच आहे."
मान म्हणाले. गळा म्हणायचं असेल.

गुरुवारी पहाटे एमआयडीसीत भट्टी फुटली.
तिनं वाचलं:
चार जण किरकोळ जळाले, उत्पादन सुरळीत.
मग लगेच त्याच कंपनीची जाहिरात,
तीही तिनंच, श्वास न बदलता.

आणि ज चुकला.
जीव, जेवण, जिना यांतला ज
तिनं जळण्याला लावला.
जळण्याचा ज वेगळा असतो,
दातांना घासून येतो, थोडा धूर लागलेला.
लिहिताना दोन्ही सारखेच.
शाळेत कुणी शिकवत नाही, घरात कानावर पडतो.
तो त्यांनी माझ्याकडून घेतलाच नाही?
की तिसऱ्या दिवशी, घसा बसल्यावर,
मीच दिला नाही?

शनिवारी भाजीच्या गाड्यावर विचारलं, मेथी कशी दिली,
तर पुढची बाई गर्रकन वळली.
हातात सरकारी दवाखान्याचा केसपेपर,
घड्या घालून घालून फाटलेला.
"तुमीच तं सांगलं व्हतं टीव्हीत,
किरकोळ हाय म्हनून."

मी नाही, म्हणाले मी.
आणि ते 'नाही' हुबेहूब तिचंच निघालं,
स्वच्छ, गोड, बातमीच्या पट्टीतलं.
गाडेवाल्यानं मान डोलावली,
टीव्हीसमोर डोलावतात तशी.

मग खोकले. मुद्दाम नाही, खरंच आला.
विचारलं, नाव काय त्यांचं?
"सर्जेराव रंगनाथ डोईफोडे," ती म्हणाली,
आणि केसपेपर माझ्यापुढे धरला.
"वाचा आता."

मेथीची जुडी हातात तशीच,
देठांचं पाणी कोपरापर्यंत आलेलं,
मी वाचायला लागले.