एकच पंख

ओजस बदक धरतो, मी कात्री.
ब्लाउजांची कात्री, मांडवीतून धार लावून आणलेली;
बाह्या कापून कापून तिला वळण पाठ आहे.
डोकं फडक्यात गुंडाळलं की बदक शांत होतं,
किंवा तसं दाखवतं.
पंख उलगडायचा, निऱ्या उलगडाव्यात तसा.
बाहेरची लांब पिसं, दहा.
देठ पांढरा, कोरडा असेल तर कापायचा.
देठात जांभळं दिसलं तर पीस अजून जिवंत आहे,
त्याला हात नाही लावायचा.
हे मला एकदाच कळलं, फरशी धुताना.

एकच पंख, ओजस. डावा.
दोन्ही कापले तर तोल राहतो,
आणि तोल राहिला की कुंपण कसंबसं ओलांडतात.
उडणं नाही काढून घ्यायचं आपल्याला, नुसता तोल.
तो म्हणाला, तेच ना ते?
मी नखाने देठ तपासत राहिले.

कुंपणापलीकडे घळ, घळीत विश्वामित्री.
नदी इथून दिसत नाही, वेड्या बाभळी दिसतात.
दोन वर्षांमागे पांढरी उडाली,
रंजनबेनच्या टाकीवर बसली, तिथून खाली.
मगर कोणीच पाहिली नाही.
पाण्यावर थोडं पांढरं राहिलं, उशी उसवल्यासारखं.
रंजनबेन म्हणाल्या, बिचारी एकदा पण ओरडली नाही.
ही जात ओरडत नाहीच.
नर फुसफुसतो. माद्या घशातल्या घशात बोलतात,
भाडेकरू रात्री फोनवर बोलतो तसं.

पादऱ्याहून तीन नव्या आणल्या, टोपलीत, रिक्षाने.
सुभेदाराने तुरा उभारला,
लाल गाठींचं तोंड पुढे काढलं, शेपटी हलवली.
मध्ये जाळी लावली. आठ दिवस.
भांडं अलीकडे, भांडं पलीकडे,
जेवण समोरासमोर, ओळख नाही.
नवव्या रात्री दिवा न लावता एकेक उचलून आत ठेवली.
सकाळी जुन्यांना वाटावं, ह्या कालही होत्याच.
फसतात? अर्ध्या.
एका नवीच्या मानेची पिसं गेली.
एक जुनी तीन दिवस कोपऱ्यात, भिंतीकडे तोंड करून.
मग केव्हातरी सगळ्या एकाच टबात, पाणी गढूळ,
आणि मला मोजताना चुकायला लागलं.

आता भाद्रपद. जुनी पिसं गळाली,
झाडूला रोज थोडी लागतात.
काल दिवेलागणीला राखाडी भिंतीवर होती,
नदीकडे तोंड.
तिने पंख उघडून पाहिले,
दोन्ही, पुरते, कुठे खाच नाही,
कात्री न लागलेल्या ताग्यासारखे.
मी टब वाजवला.
ती बराच वेळ तशीच.
मग उतरली, धपकन, आमच्याच बाजूला.

ओजस विचारतो, कधी कापायचे?
कात्री धारेला दिलीय, मी म्हणते.
ती खिळ्याला आहे.
त्याला दिसते. मलाही.